जावयासाठी जॅकेट

बसडेपोत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बस चालवली, आणि अशी चालवली की मागे बसलेल्या तान्ह्या पोराची झोप मोडू नये. पुढे काचबिंदूने डोळे खाल्ले. एकदम नव्हे. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आणि शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं राहिलं. डेपोच्या साहेबांनी माणुसकी दाखवून त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. कुठली बस कुठून कधी सुटते हे उस्तादांना तोंडपाठ, त्यामुळे खिडकीचं काही अडलं नाही. अडलं ते उस्तादांचं.

ज्या माणसाने जन्मभर वेग आपल्या पायाखाली ठेवला, त्याला आता जो तो कोपराला धरून, अरुंद गल्लीतून गाडी मागे घ्यावी तसं चालवायचा. बायको चालवायची, मुलगी चालवायची, रस्त्यावर अनोळखी माणसंही न विचारता चालवायची. उस्ताद चिडायचे आणि चिडून घरात बसायचे. बसून वजन वाढलं, वजनामागून साखर वाढली, आणि एवढी साखर वाढूनही जीभ मात्र कडूच राहिली. डोळे गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, बाहेर पाऊस आणि वारा आणि आत चार भिंती, त्यांनी घरातल्या एकेकाशी भांडून घेतलं. माणसं संपल्यावर ते रेडिओशी भांडू लागले.

त्यातून त्यांना बाहेर काढलं जावयाने. हा जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि शब्दाला इतका महाग, की लग्न ठरताना उस्तादांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं होतं, याला बोलता येतं ना? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह वाकड्यात शिरणारा नव्हता, पण त्याच्याकडून काही ऐकायला मिळेल अशी आशाही कोणी धरली नव्हती. तो रोज सकाळी एकटाच पळायला जायचा. एकदा सासरी चहा पिऊन झाल्यावर त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाबा, उद्या माझ्याबरोबर पळायला येता का?"

सासूबाईंना हसू आवरेना. ज्यांचा जन्म वरखाली करण्यात गेला ते सरळ रेषेत कुठे नेणार, असं त्या म्हणाल्या. मुलगी हसली नाही, तिने नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं. उस्तादांना यातलं काही दिसलं नाही हे बरंच झालं, कारण ते तोवर बूट कुठे आहेत हे विचारत होते.

जावयाने बुटाची एक जाड नाडी घेऊन दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढी कडी बांधली. एक कडं आपल्या हातात, एक सासऱ्याच्या. नदीकाठच्या रस्त्यावर पहिल्या दिवशी उस्ताद पाऊल चाचपत टाकत होते. प्रत्येक पावलाला पुढे भिंत आहे असंच वाटे. जावई शेजारून मोजकं बोलत होता, जरा डावीकडे, आता चढ, आता सपाट. मग कधीतरी पाय सुटले आणि समोरून वारा आला, बसच्या उघड्या खिडकीतून यायचा तसाच. उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वाऱ्यामुळे, असं त्यांनी सांगितलं. जावयाने ते मान्य केलं.

त्या दिवसापासून उस्तादांचं जगच बदललं, असं सासूबाई सांगत आणि ते खरंच होतं. साखर उतरली, जिभेचा कडवटपणाही उतरला. खिडकीवरच्या लोकांना ते चौकशी नसलेल्या गोष्टीही सांगू लागले. हळूहळू जावयाने सूचना द्यायच्या आधीच वळण कधी आलं आणि चढ कधी लागला हे त्यांना कळायला लागलं. कसं कळतं, असं त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. गाडी चालते आहे तोवर बॉनेट कोण उघडतो? आणखी एक नवल म्हणजे घरात मुका असलेला हा माणूस पळताना बोलका झाला. अडकलेल्या लिफ्टमध्ये भांडण मिटलेले शेजारी, आरशात बघून केस विंचरणारे मोठमोठे साहेब, असं काय काय तो सांगायचा. उस्ताद मनातल्या मनात म्हणायचे, देवाने डोळे नेले ते नेले, पण बदल्यात हा माणूस दिला.

मग पुन्हा थंडी आली, आणि थंडीबरोबर तो बारीक, आडवा पाऊस. उस्तादांकडे डेपोचा जुना ड्रायव्हरचा कोट होता, तो त्यांनी कमरेपर्यंत कापून घेतला होता. जावई मात्र चेन तुटलेल्या एका पातळ विंडचीटरवर पळत होता. व्हायचं तेच झालं. आठवडाभर तो खोकत, कण्हत पडला. मुलीने दोघांना समोर बसवून सांगितलं की नीट जॅकेट मिळालं तर पळा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत दोघांनीही घरात बसा.

उन्हाळ्यापर्यंत! उस्तादांना त्या पहिल्या हिवाळ्यातल्या चार भिंती आठवल्या आणि जेवण जाईना. त्याहून जास्त त्यांना लागलं ते हे, की हा पोरगा आपल्यापायी भिजला. त्यांनी ठरवलं, जॅकेट आपण द्यायचं, आणि दुकानात असेल त्यातलं सगळ्यांत चांगलं द्यायचं. उपकार फेडायची अशी संधी पुन्हा कधी येणार?

मुलीला घेऊन ते दुकानात गेले. आता ऐका यांची परीक्षा. कापड चिमटीत धरून चोळलं, शिवण नखाने तपासली, शिवणीवर आतून पाणी अडवणारी पट्टी लावली आहे का पाहिलं. कॉलर ताठ हवी, टोपी खोल हवी, पाठ लांब हवी. एवढ्याने भागलं नाही, म्हणून सोबतच्या बाटलीतलं पाणी दुकानातल्या बाईंच्या देखत बाहीवर ओतलं. थेंबसुद्धा आत गेला नाही तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. बाईंनी सुचवून पाहिलं की पळणाऱ्याला यात फार घाम येईल. उस्ताद म्हणाले, घामाने कोणी आजारी पडत नाही. ही अक्कल ड्रायव्हरची होती. बसल्या जागी, उघड्या खिडकीशी, पाऊस अंगावर घेत ज्याने दिवस काढले, तो असंच जॅकेट निवडणार. मुलीने गाडीवाल्यांना लांबून दिसेल असा पिवळाजर्द रंग तेवढा निवडला.

जावयाने ते घातलं, हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "छान आहे, बाबा." त्याच्या मानाने हे भाषणच झालं. उस्तादांची छाती दोन बोटं वर आली.

पण दुसऱ्या दिवशी पळायला लागल्याबरोबर काहीतरी बिघडलं. ते कापड करकरत होतं. हात हलला की करकर, वारा आला की फडफड, आणि पुलावर तर शेजारी कोणी ताडपत्री घेऊन धावत असावं असा गोंधळ. त्यात जावयाने टोपी ओढलेली. तो आता गोष्टी सांगेना, नुसता ओरडू लागला. "डावीकडे!" "चढ!" "थांबा, थांबा!" जन्मात ज्याचा आवाज चढला नाही तो माणूस असा खेकसतो, म्हणजे वैतागला असणार, असं उस्तादांनी धरलं. कोणाला नाही येणार वैताग? रोज म्हाताऱ्याला नाडीला बांधून पळवायचं म्हणजे थट्टा आहे का? ते मुकाट्याने पळत राहिले. आपणच दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून जॅकेटबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. असे काही दिवस गेले, आणि एका सकाळी फुटपाथची कड त्यांना कळली नाही. उस्ताद तोंडावरच पडायचे, हात मध्ये आला म्हणून गुडघ्यावर निभावलं.

घरी मुलीने गुडघा पाहिला आणि ती नुसती रडली, तेव्हाच उस्तादांनी ओळखलं की पळणं संपलं. जावई खाली बसून जखम धूत होता. जॅकेट त्याने दाराशीच काढून टाकलं होतं. त्याचा हात हलका होता आणि श्वास जवळून ऐकू येत होता. उस्तादांनी मनाचा हिय्या करून विचारलं, "जावईबापू, कंटाळलात का माझ्याबरोबर पळायला? खरं सांगा. मला राग नाही यायचा."

"कोण म्हणालं?"

"हल्ली ओरडता."

जावई थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ओरडलो नाही तर तुम्हाला ऐकू कुठे जातं? ती टोपी आणि ते कापड... माझीच पावलं मला ऐकू येत नाहीत, बाबा."

मग सगळं बाहेर आलं. जॅकेटने घोटाळा केलाय हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सासरे त्याच्या शब्दांवर नाही, पावलांवर पळतात, हे त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. पाऊल खडीवर पडलं, ओल्या पानांवर पडलं, चढाला जड झालं, खड्ड्याआधी जावयाचा श्वास अडला, की उस्तादांचं पाऊल आपोआप बदलायचं. उस्तादांना मात्र हे आज, या खुर्चीत, पाय पुढे करून बसल्यावर उमगलं. कापड चोळलं, शिवण तपासली, पाणी ओतलं, आणि ज्या कानांवर सगळी गाडी चालत होती ते कान दुकानात वापरलेच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दिलं होतं," जावई म्हणाला.

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. दोघांनी एकमेकांची मनं राखली आणि गुडघा फोडून घेतला, असा निकाल देऊन त्यांनी कप हातात दिले. मुलगी डोळे पुसत हसली. ती बापाचीच मुलगी, अट मोडणार नव्हती, पण आणखी एक संधी द्यायला तयार झाली. जॅकेट बदलून बघा, एकदाच, असं ती म्हणाली.

गुडघा बरा होताच चौघंही त्याच दुकानात गेली. पिवळं जॅकेट सासूबाईंनी आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, बाजारात जायला उत्तम म्हणून. उस्तादांनी बाईंना सांगितलं की यांना जे द्यायचं ते द्या, मी हात लावणार नाही, मी फक्त ऐकणार. कपाटांच्या मधल्या लांब वाटेच्या टोकाला ते पाठ करून उभे राहिले, आणि जावई एकेक जॅकेट चढवून त्यांच्याकडे पळत येऊ लागला. गिऱ्हाइकं बघत राहिली. पहिलं पतंगासारखं फडफडलं. दुसऱ्याला, कोणीतरी बिस्किटांचा पुडा उघडतंय, असं म्हणून उस्तादांनी परत पाठवलं. तिसरं बरं होतं, पण त्याच्या चेनचा लोलक हनुवटीखाली टकटक करत होता. बाईंनाही आता चेव चढला. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि एक मऊ, बिनटोपीचं जॅकेट घेऊन आल्या. त्याच्या बाह्या मनगटाशी घट्ट होत्या, नाडीचं कडं वर बसेल अशा.

जावई पळत आला. उस्तादांना त्याचे बूट ऐकू आले, टाच आणि मग चवडा, आणि नाकातून येणारा श्वास.

"जॅकेट घालायला विसरलात का?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी सांगितलं की हे कापड समोरचा वारा अडवतं, घाम बाहेर जाऊ देतं, बारीक पाऊसही सोसतं. जोराचा पाऊस मात्र खांद्यावरून आत येणार. आवाजही नाही आणि थेंबही नाही, असं काही माझ्याकडे नाही.

उस्तादांचा चेहरा उतरला. ज्याची पाठ कोरडी राहावी म्हणून हा सगळा खटाटोप, त्यालाच भिजवायचं? "मग नको," ते म्हणाले. "यांना पुष्कळ भिजवलंय मी. ते पिवळंच राहू द्या. मी हळू पळेन."

"अंग भिजलं तर पुसता येतं, बाबा," जावई म्हणाला. "पावलं ऐकू आली नाहीत तर तुम्ही पडता. मला हेच हवंय."

उस्तादांनी चाचपडत त्याचा हात धरला. दुकानातल्या बाईंकडे तोंड करून, पण त्यांना उद्देशून नव्हे, ते म्हणाले, "डोळे गेल्यापासून मला पुष्कळांनी हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. रस्त्यावर पळायला नेलं ते या एकट्याने. उपकार फेडायला आलो होतो, तर आणखी एक डोक्यावर घेऊन चाललोय." एवढं बोलून त्यांनी बाहीने डोळे पुसले, आणि या वेळी त्यांनी वाऱ्याला दोष दिला नाही. दुकानात वाराच नव्हता.

मुलीने मग आपलं राज्य चालवलं. आतून दोघांना लोकरीची बनियन, पाठीवर चमकणारी पट्टी, आणि मुसळधार पाऊस असेल तर घरात. दोघांनी निमूट माना डोलावल्या.

पुढच्या सकाळी पाऊस बारीक होता, वारा मात्र पुलावर आडवा येत होता. जावयाची पावलं ओल्या दगडावर चपचप वाजत होती. उस्तादांना त्यातला प्रत्येक दगड कळत होता. पुलाचा चढ लागला आणि जावई बोलायला लागला. समोरून एक गृहस्थ येताहेत, छत्री पार उलटी झालीय, तरी तशीच डोक्यावर धरून चाललेत, वर बघायलाही तयार नाहीत. चढाने त्याला धाप लागली होती, शब्द तुटत होते. "ऐकू आलं का, बाबा?" त्याने विचारलं.

उस्तादांना सगळं ऐकू आलं होतं. त्या गृहस्थांच्या छत्रीची काडीसुद्धा.

"नाही हो, नीट नाही आलं," ते म्हणाले. "पुन्हा सांगा."

आणि जावयाने पहिल्यापासून सांगायला घेतलं.