मेलेल्या पानाचे पेढे

आमच्या नांदेडच्या झाडांच्या रोगांवरच्या लॅबच्या फ्रीजमध्ये नमुन्यांना जागा नसते, किस्से मात्र कितीही मावतात. त्यातले निम्मे सुनंदाचे. पोरगी धर्माबादची, वडील मिरचीचे व्यापारी. लातूरला दोन वर्षं क्लास करूनही मेडिकल हुकलं आणि ती आमच्यात आली. आम्ही तरी वेगळे कुठून आलो होतो!

*

तिचा पहिला सेमिनार. आमचे गाईड बिराजदार सर विचारतात, "जंतू आत शिरला हे झाडाला कळतं कसं?"

सुनंदा हळूच, "सर, चार ऑप्शन द्या की!"

"देत न्हाई. पण निगेटिव्ह मार्किंग बी न्हाई, बोल!"

*

मग सरांनीच सांगितलं. पेशीत पहारेकरी प्रथिनं असतात. जंतूची चाहूल लागली की त्यांतली पाच जुळून कडं करतात. ते पेशीच्या पडद्यात घुसतं, कॅल्शियम आत लोटतं, पेशी मरते आणि रोग तिथंच अडतो.

"एकानं भागत नाही का सर?" मी विचारलं.

सर त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या गावचे. म्हणाले, "आईवर माळवदाची तुळई पडली व्हती. एकटा वढून वढून थकलो. पाच जण आले, तवा उचलली."

आमचे चेहरे बघून सर हसले, "अरे, म्हातारी आजबी मला रागावून राहिली, जेवायला उशीर केला म्हणून!"

*

सुनंदाला तुरीच्या पहारेकरी प्रथिनाचं असंच कडं होतं, हे दाखवायचं होतं. त्यासाठी तंबाखूच्या पानाच्या डाव्या बाजूला चांगलं प्रथिन टोचायचं, उजवीकडं जुळता न येणारं. कडं झालं, तर डावी बाजू मेली पाहिजे, उजवी हिरवी राहिली पाहिजे. चार वेळा दोन्ही हिरव्या! फेलोशिपचे तीनच महिने उरलेले. निकाल नाही, तर पीएचडी नाही.

पाचव्या वेळी डावीकडं तपकिरी डाग दिसू लागला. ती कॅमेरा आणायला गेली. परत येते तर पानंच नाहीत! रोपांना पाणी घालणारे किशनमामा अभिमानानं म्हणाले, "ताई, रोग लागला व्हता. पसरू नये म्हणून तोडून जाळली!"

सुनंदा राखेकडं धावली. सर मात्र मामांकडं बघतच राहिले, "मामा, झाडबी हेच करतं हो!"

*

रोपांची शेवटची खेप. टोचून दोन दिवस झाले. सकाळी दार उघडलं, तर प्रत्येक पानाची डावी बाजू कागदासारखी वाळलेली, उजवी हिरवीगार! सुनंदा ओरडली, मी ओरडलो, सरांनी मामांना मिठी मारली.

नेमके तेव्हाच तिचे वडील मिरचीची पिशवी घेऊन दारात. ते घाबरून पुढं झाले.

"पोरी, पान मेलं की गं!"

"हाव बाबा, मेलं!" ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा.

बाबा पिशवी ठेवून बाहेर गेले. तिचा चेहरा उतरला. अर्ध्या तासानं आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

"दुकानदार इचारून राहिला, कशाचे पेढे? म्हणलं, लेकीनं पान मारलं!"