पंखा लपवला त्या दिवशीची सही

आमोस भिंगारदिवे यांच्या पिशवीत कायम उदबत्तीचा पुडा असतो. त्यावरून त्यांच्या पत्नी दीना त्यांना टोचतात, की चर्चला येताना तरी ती पिशवी घरी ठेवा, लोक भलतंच काही समजतील. आमोस नुसते हसतात. त्यांची उदबत्ती देवासाठी नाही, हवेसाठी आहे.

त्यांचं काम आधी सांगते, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं. नगरमधल्या मी सांभाळते त्या प्रयोगशाळेत क्षयाचा संशय असलेल्यांच्या थुंकीचे नमुने येतात. ते उघडायचे सेफ्टी हूडमध्ये, म्हणजे समोर अर्धी काच असलेल्या मोठ्या पोलादी पेटीत. काचेखालच्या फटीतून पेटी हवा आत ओढते आणि गाळून सोडते, म्हणून आतले जंतू समोर बसलेल्याच्या तोंडावर येत नाहीत. ही ओढ बिघडली तर डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही. आमोस सहा महिन्यांनी एकदा येतात, फिल्टर तपासतात, यंत्राने हवेचा वेग मोजतात आणि शेवटी फटीपाशी उदबत्ती धरतात. धूर आत गेला तर सही. घोडेगावचा हा माणूस आयटीआय करून सुप्याच्या कारखान्यात हवेचे पाइप जोडायला लागला आणि तिथून या कामात शिरला. बावीस वर्षांत त्यांच्या सहीवर मी एकदाही शंका घेतली नाही.

गेल्या एप्रिलमध्ये सकाळी त्यांनी सही केली आणि निघाले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की वेग मोजायचं यंत्र आमच्याकडेच राहिलंय. परत आले तेव्हा आमची तंत्रज्ञ निकिता हूडपुढे कामाला बसली होती आणि तिच्या शेजारी स्टँडचा पंखा फिरत होता.

एसी फेब्रुवारीपासून बंद होता. तो दुरुस्त होईना, म्हणून पंखा आणायला मीच सांगितलं. आमोस येणार त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या मुलींनी तो उचलून सामानाच्या खोलीत ठेवला. फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पाहुणे येणार म्हटलं की आपण पलंगावरचे कपडे उचलतो, तसंच ते झालं. मीही पाहिलं आणि गप्प बसले. इतकं शिकून ही अक्कल.

आमोसनी निकिताला नमुने झाकून बाजूला व्हायला सांगितलं. पंखा चालूच ठेवला आणि उदबत्ती पेटवली. धूर फटीपाशी गेला, अडखळला आणि पंख्याच्या झोताने बाहेर वळला. निकिताच्या स्टुलाकडे, बरोबर तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

"कधीपासून हाय हा?" त्यांनी विचारलं.

"फेब्रुवारीपासून. मीच आणवला."

"आन सकाळी?"

"उचलून ठेवला होता."

ते त्याच स्टुलावर बसले. उदबत्तीची राख त्यांच्या पॅंटवर पडत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात निकिता हळूच म्हणाली, "मॅडम, मला दोन आठवडे झाले खोकला आहे. मला वाटलं धूळ असेल."

हूड तिथेच बंद केला. निकिताचा एक्स-रे काढला, तिची थुंकी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवली. निकाल यायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत आमोसचे मला किती फोन आले ते मोजले नाहीत. प्रत्येक वेळी एकच विचारायचे, पोरीला ताप आलाय का? एकदा मी वैतागून म्हटलं, चूक माझी आहे, तुम्ही कशाला जिवाला लावून घेताय? तर म्हणाले, "सही माझी हाय ना, मॅडम."

निकाल चांगला आला. पण डॉक्टर म्हणाले, जंतू शरीरात गुपचूप पडून राहू शकतात, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. निकिताचा खोकला गेला तरी ती कुठे साधी शिंकली, की आम्ही सगळे हातातलं काम सोडून तिच्याकडे बघायचो. जुलैची तपासणीही स्वच्छ निघाली, तेव्हा कुठे मला घास गोड लागला.

परवा आमोस आले, न कळवता. आता ते सगळीकडे असेच जातात. एसी केव्हाच दुरुस्त झालाय, पंखाही गेलाय, तरी त्यांना दारात बघून मी सवयीने मुलींना आवरायला सांगणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं.

"काय बी हलवू नका. रोज बसता तसंच बसा."

निकिता स्टुलावर बसली. धूर सरळ आत गेला. तरी उदबत्ती पार बोटाशी येईपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.