आलापल्लीपर्यंत

मेलबर्न ते नागपूर साडेनऊ हजार किलोमीटर, विमानाला बारा तास. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली तर एवढं उत्तर आलं. धाकटा भाऊ पहाटे "निघालो, माय कशी हाये?" एवढंच विचारून तिकडे विमानात बसला होता. डॉक्टरांनी मायला घरी न्यायला सांगितलं होतं. अहेरीतल्या घरात मी तिच्या उशाशी ते बारा तास धरून बसलो. संध्याकाळी नागपूर, पुढे गाडीनं घर. तेवढं मायनं काढलं की झालं.

मायचं एकच चाललं होतं. "कुठवर आला रे थो?"

"समुद्रावर हाये" म्हटलं तर ती घाबरली. जन्मभरात तिनं एकच लांबचा रस्ता पाहिलेला, एसटीनं चंद्रपूर ते अहेरी. म्हणून मी तिला कळेल असा हिशेब मांडला. "समज, चंद्रपूर सोडलं." मग कोठारी, मग गोंडपिपरी. माय मान हलवायची. त्यातलं 'समज' कधी गळून पडलं, मला कळलंच नाही. तिच्या लेखी तो पूर्वीसारखा चंद्रपूरच्या कॉलेजातून सुट्टीवर येत होता.

"काऊन फसवून राह्यले तिले?" बायको म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. दुसरं करणार तरी काय होतो? मायला धाप लागली तशी मी बस जोरात हाकली आणि आष्टीचा पूल ओलांडून टाकला. दुपारी आलापल्लीला आणून ठेवली. आलापल्ली म्हणजे आमच्या दारातच. मायनं बायकोकडून केस विंचरून घेतले.

तेवढ्यात भावाचा फोन आला, सिंगापूरहून. मी अंगणात पळालो.

"आता रात्री मुंबईचं विमान हाये. नागपूर उद्या."

"अबे, बारा तास दाखवते ना इथी!"

"थेट विमानच नाई दादा कोणतं. ते नुसतं अंतर मोजून सांगते." तो रडायला लागला. मोबाइल दगडावर आपटावा असा संताप आला मला. पण भाऊ त्याच्यातच होता.

आत आलो, तर तोच प्रश्न. बस मागे कशी नेणार?

"आलापल्लीलेच हाये माय. बस बिघडली."

"मंग तू जाय ना गाडी घेऊन. घेऊन ये त्याले." हात उचलवत नव्हता, तरी तिनं दाराकडे बोट केलं. "जाय."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.

मोटरसायकल काढली. वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यावं, काहीतरी सांगावं. पण काय सांगायचं ते सुचेना, म्हणून पुढे पुढे जात राहिलो, थेट आलापल्लीच्या स्टँडपर्यंत. चंद्रपूरची बस नुकतीच लागली होती. उतरणाऱ्या एकेकाचं तोंड मी खुळ्यासारखा पाहत उभा राहिलो. सगळी माणसं उतरली. कंडक्टरही उतरला.

तिथंच बायकोचा फोन आला. माय गेली होती.

"काही बोलली का?" मी कसंबसं विचारलं.

"शेजारच्या बाईले सांगत होती," बायको म्हणाली, "दोघंही पोरं आलापल्लीलेच हायेत, येतेच आता."