तुरटीला नाक आलं

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या. माणसाने शेण खावं तर निदान गुपचूप खावं. मी खाल्लं ते आमच्या पिंपळीची अख्खी आळी गोळा करून.

लग्नानंतरही शिकायचा हट्ट मी सोडला नाही. बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा ओंकार पाच महिन्यांचा होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, दिवसभर उसात. मी एसटीत बसले की बाळ कोण बघणार? तर शेजारच्या हौसाकाकू. सकाळी आठच्या ठोक्याला दारात हजर. काकूंच्या आधी त्यांचं नाक दारात यायचं, असं मी म्हणायचे. मनातल्या मनात हो. ते तिथंच ठेवलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

झालं असं, की ओंकारला ताप आला आणि माझे आठ दिवस बुडाले. नेमकं तेव्हाच सरांनी स्फटिकजल शिकवलं. म्हणे काही क्षारांच्या खड्यांत पाणी दडलेलं असतं, तापवलं की ते निघून जातं. गृहपाठाला दहा प्रश्न. मला एकही येईना. खडखडीत कोरड्या खड्यात कसलं आलंय पाणी?

वर्गातल्या वैशाली आणि नसीम, दोघी रविवारी मदतीला घरी आल्या. वैशालीने दोनदा समजावलं. मी दोनदा मान हलवली. त्या मान हलवण्यावरूनच तिला कळलं, की मला काही कळलेलं नाही.

"तुरटी आहे का गं घरात?" नसीमने विचारलं. "डोळ्यांनी बघ, म्हणजे डोक्यात जाईल."

तुरटी होती, ह्यांच्या दाढीची. दोघींनी स्टोव्ह पेटवला, तव्यावर खडा ठेवला. मी ओंकारला घेऊन चार हात लांब, कारण स्टोव्ह भडकेल ही माझी रोजची भीती. खडा आधी पाघळला, मग खदखदला, मग लाहीसारखा फुगत वर आला. वैशाली म्हणाली, हे बघ, चोवीस रेणू पाणी चाललं. आणि मला एकदम कळलं! काही कळलं की मला फार आनंद होतो, वरचेवर होत नाही ना तो. त्या भरात मी पुढं वाकून बोलून गेले, "अगबाई, हे तर हुबेहूब हौसाकाकूंचं नाक."

दोघी खिदळल्या. मागं दारात आत्या उभ्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, आमच्याकडे लेकराला दृष्ट लागली की तुरटी ओवाळून विस्तवावर टाकतात. ती फुगून ज्याच्यासारखी दिसेल, दृष्ट त्याची. आत्यांना काय दिसलं? तापातून उठलेलं बाळ, तव्यावर तुरटी आणि कॉलेजात जाणारी सून स्वतःच्या तोंडाने नाव घेतेय. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. सांडशीने ती तुरटी उचलली, ओंकारवरून लांबूनच उतरवली आणि तीन वाटा मिळतात त्या तिकटीवर नेऊन टाकली. माझा गृहपाठ गेला तिकटीवर. येताना त्या वाटेत भेटतील त्या बायकांना कारणही सांगून आल्या.

सोमवारी आठ वाजून गेले, काकू नाहीत. साडेआठची एसटी गेली. मंगळवारचीही गेली. मी बोलवायला गेले, तर काकू दाराआडूनच म्हणाल्या, "माजी नजर वंगाळ हाय. माज्याकडं कशाला देतीस लेकरू?"

मी म्हटलं, काकू, ते स्फटिकजल होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा. हे म्हणाले, राहू दे एक वर्ष. एक वर्ष राहिलेलं किती बायकांचं शिक्षण पुढं झालंय, सांगा बरं?

मग मी ठरवलं, विज्ञानाने बिघडलंय ते विज्ञानानेच निस्तरायचं. बुधवारी दुपारी स्टोव्ह, तवा आणि तुरटीचा नवा खडा घेऊन काकूंच्याच ओट्यावर जाऊन बसले. ओंकार उसातून भाकरीला आलेल्या आत्यांच्या मांडीवर. आळी जमली. मी चांगलं भाषण ठोकलं. खड्यात पाणी असतं, ते वाफ होऊन जातं, खडा फुगतो. कसाही फुगतो! त्याचा कुणाच्या नजरेशी काडीचा संबंध नाही. काकू उंबऱ्यात बसून, तोंड फिरवून ऐकत होत्या. खडा फुगला. बायका वाकल्या.

"दिसतंय का कुणासारखं?" मी जिंकल्यासारखं विचारलं.

एकेकीचा पदर तोंडाला लागला. मी खाली बघितलं. मोठं कपाळ, बारीकशी मान आणि डोक्यावर एका बाजूला कलंडलेला अंबाडा. नकळत माझा हात माझ्या अंबाड्याकडे गेला आणि तिथंच घात झाला.

काकू पुढं सरकल्या. "आगं बाया, ही तर हीच हाय की."

"आयचीच दिष्ट लागती लेकराला," आत्यांनी निकाल दिला. "सारकी टकामका बगत बसतीया त्येच्याकडं."

चोवीस रेणू पुन्हा पहिल्यापासून सांगावेत म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकूंनी आत्यांच्या मांडीवरून ओंकारला उचलून स्वतःच्या कडेवर घेतलं.

"उद्यापास्नं कालिजात जात जा बग," त्या म्हणाल्या. "जेवडी तू लांब, तेवडं लेकरू बरं."

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. ताठ मानेने उभी राहिले आणि म्हणाले, "व्हय काकू, माजी नजर लईच वाईट हाय. शनिवारी जादा तास हायेत, दिवस मावळंपतुर ठिवा."