दार बसवू नका, गयाबाई

माणसाचं मन डोळ्यांत दिसतं, असं लोक म्हणतात. माझ्या थोरल्या साडूंच्या मते ते दारात दिसतं. आणि दारांच्या बाबतीत त्यांच्याएवढा अधिकारी माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, होणारही नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून ती त्यांना दाजी म्हणायची, तिचं ऐकून मीही म्हणू लागलो. दाजी लातूरच्या नगरपालिकेत कारकून होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, काखेत छत्री आणि खिशात एरंडेलाची चपटी बाटली. नांदेडला आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी ते दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत. ‘‘दार कुरकुरलं की घर कुरकुरतंय,’’ असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी आमचं मागचं दार इतकं मऊ करून ठेवलं, की शेजारची शेळी कधी आत आली आणि परातीतलं पीठ कधी खाऊन गेली, कुणाला कळलंच नाही. बायकोनं बोल लावला तो मला. दाजींना बोलायची कुणाची छाती नव्हती.

पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. पोह्यांच्या बशा आल्या. दाजींनी बशी हातात घेतली, मान वळवून दार बघितलं, बशी खाली ठेवली आणि उठले. मी हातातल्या पोह्यांकडे बघत बघत मागे निघालो. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘कडी निस्ती बाहेरून हाय. आतून न्हाईच. असल्या घरात लेक द्यावी का?’’ ते स्थळ तिथंच मोडलं. पुढे त्या घराबद्दल जे ऐकायला आलं, त्यावरून पुतणी वाचली असंच म्हणावं लागेल. शिवाय दार वाजवल्याशिवाय ते कुठंही शिरत नसत. आमचं न्हाणीघर वाजवत, देवघर वाजवत. एकदा टॉवेल काढायला गेले तेव्हा कपाटसुद्धा वाजवताना मी त्यांना बघितलं आहे.

आता ज्या माणसाला दाराचा एवढा नाद, त्याला नगरपालिकेनं काम काय द्यावं? दारांवर नोटिसा चिकटवायचं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खळीचा डबा, असे ते लातूरभर हिंडत.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेली चाळीसेक कुटुंबं काम बंद झाल्यावर परत गेली नाहीत. परत जावं असं गावाकडे काही उरलं नव्हतं. शहराबाहेरच्या सरकारी जागेवर त्यांनी पाचटाच्या आणि तरटाच्या झोपड्या घातल्या. त्या हलवायच्या तर आधी नोटीस बजावायला हवी. नोटीस माणसाच्या हातात द्यायची, माणूस नसला तर दारावर डकवायची. दाजी तिथं जायचे ते बरोबर भरदुपारी, सगळी माणसं कामाला गेलेली असताना. प्रत्येक झोपडीपुढे उभं राहून, वाजवायला दार नाही म्हणून खळीचा डबाच तीनदा वाजवायचे, आणि रोजनामच्यात लिहायचे, ‘समक्ष गेलो. डबा वाजवला. कोणी आले नाही. झोपडीस दार नसल्याने नोटीस डकवता आली नाही. परत आलो.’ नियमात ‘दारावर’ या शब्दापुढे ‘किंवा दर्शनी भागावर’ असेही शब्द होते. पण दाजींच्या पुस्तकातली नेमकी ती दोन पानं खळ सांडून एकमेकांना चिकटली होती. ती कधी सांडली, हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

तिथंच गयाबाई राहायची. नायगावकडची बाई, नवरा दगडाच्या खाणीत दरडीखाली गेलेला, पदरात दोन मुली. दाजी दिसले की ‘‘जयभीम साहेब’’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करायची. एका जुन्या शाळेची पाडापाडी चालली होती, तिथून तिनं मजुरीच्या बदल्यात एक दार मागून आणलं. भक्कम, निळ्या रंगाचं, कडीसकट. दाजींनी ते झोपडीला टेकवलेलं बघितलं आणि ते गारच पडले.

‘‘गयाबाई, दार बसवू नका. दार बसलं की मला नोटीस डकवावी लागंल.’’

‘‘पोरी मोठ्या होऊन राहिल्यात, साहेब. आतून कडी पाहिजे.’’

ज्या माणसानं आतल्या कडीसाठी पोहे टाकले होते, त्यानं त्या दाराची कडी एकदा सरकवून बघितली. ‘‘थोडं थांबा,’’ एवढंच ते म्हणाले. गयाबाईनं ऐकलं. चार बाजूंना विटा रचून तिनं ते दार झोपडीत आडवं घातलं. पोरी त्यावर झोपायला लागल्या. ‘थोडं थांबा’ म्हणता म्हणता सहा वर्षं गेली, पोरी लग्नाच्या झाल्या आणि आपापल्या घरी गेल्या. दार आडवंच राहिलं.

मग लातूर जिल्हा झाला. गावानं पेढे वाटले, मीही खाल्ले. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी हवी, कचेरीला जागा हवी, आणि जागा म्हटल्यावर सगळ्यांना त्या झोपड्या दिसायला लागल्या. सरकार निर्दय नव्हतं. जुन्या रहिवाशांना दुसऱ्या बाजूला प्लॉट मिळणार होते. फक्त राहत असल्याचा सरकारी कागद दाखवायचा होता. रेशनकार्डं सगळ्यांची आपापल्या गावची. कागद निघाला तो तिघांकडेच. दाजींचं न ऐकता या तिघांनी दारं बसवली होती, म्हणून दाजींना त्यांच्यावर नाइलाजानं नोटिसा चिकटवाव्या लागल्या होत्या. त्या नोटिसांवर नाव होतं, जागा होती, तारीख होती, शिक्का होता. तिघांना प्लॉट मिळाले. दाजींचं ज्यांनी ऐकलं, ते सगळे उघड्यावर पडले.

गयाबाई दाजींच्या घरी आली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, ‘‘तुमचं मन चांगलं हाय, साहेब. पर मनाला शिक्का नसतोय.’’ आठ दिवसांत झोपड्या गेल्या. त्यासाठी वरून आलेल्या हुकमाला ना नोटीस लागली ना दार. गयाबाई धर्माबादला मिरची निवडायच्या कामाला गेली. दार दाजींच्या अंगणात ठेवून गेली. ‘‘जागा भेटली की नेते,’’ म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवस दाजींनी तेलाच्या बाटलीला हात लावला नाही. थोरल्या मेहुणीनं काळजीनं मला बोलावून घेतलं. मी पोचलो तर ते धोतरात सगळे रोजनामचे बांधत होते. गठुडं घेऊन आम्ही कचेरीत गेलो. साहेब तरुण होते. त्यांनी पानं चाळली. जागोजागी गयाबाईचं नाव, तारीख, आणि ‘डबा वाजवला’.

‘‘हे लोक तिथं राहत होते, हे यावरून सिद्ध होतं,’’ साहेब म्हणाले. ‘‘आणि तुम्ही इतकी वर्षं काम टाळलंत, हेही होतं. कळतंय का?’’

‘‘कळतंय साहेब. दोन्ही लिहून घ्या.’’

दोन्ही लिहून घेतलं गेलं. दाजी निलंबित झाले, आणि सव्वा वर्षानं प्लॉटची यादी लागली. माझा हा साडू विक्षिप्त होता, हट्टी होता, माझे पोहे त्यानं बुडवले. पण त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्याची छत्री धरायला मिळाली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

यादीत गयाबाईचं नाव होतं. गयाबाई मात्र नव्हती. आम्ही दोघं धर्माबादला गेलो. मिरचीच्या ढिगांमधून खोकत, डोळे पुसत प्रत्येक बाईला विचारलं. एकीनं सांगितलं, ‘‘ती व्हय? वीटभट्टीवर गेली, आंध्रात. कुठली भट्टी म्हून सांगावं?’’ परतीच्या एसटीत दाजींचे डोळे लातूर येईपर्यंत वाहत होते. मिरची लई तिखट होती, असं ते म्हणाले.

सहा महिन्यांत प्लॉटवर बांधकाम दिसलं नाही तर प्लॉट रद्द, अशी अट होती. दाजींनी ते निळं दार नेलं आणि मोकळ्या प्लॉटवर चौकट रोवून बसवलं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं दार. दर सोमवारी महादेवाचं दर्शन घेऊन तिथं तेल घालायला जात. मी एकदा सोबत गेलो. त्यांनी आधी दार वाजवलं, थांबले, मग उघडून आत गेले. मी आपला बाजूनं जायला लागलो, तर म्हणाले, ‘‘असं काय करता? घर लोकाचं हाय.’’ मी मुकाट्यानं मागे फिरलो आणि दारातून आत गेलो.

मुदत संपल्यावर त्या दारावर नोटीस लागली, गयाबाईच्या नावानं. दाजींनी ती पाण्याचा हात लावून अलगद सोडवली, वाळवली आणि मला दाखवली. ‘‘बघा, शिक्का हाय,’’ म्हणाले. बाकी मजकूर त्यांनी मला वाचू दिला नाही. तो हिवाळा त्यांनी काढला नाही.

पुढे चार वर्षांनी लातूरला गेलो तेव्हा पाय त्या बाजूला वळलेच. प्लॉट दुसऱ्या कुटुंबाला मिळाला होता. त्यांनी त्याच दाराच्या दोन्ही अंगांना भिंती उचलल्या होत्या. मी दार वाजवलं. आतली कडी काढल्याचा आवाज आला आणि दार कुरकुरत उघडलं. एक तरुण बाई होती, मागे दोन मुलं. मी गयाबाईचं विचारलं.

‘‘नाव न्हाई ठावं. पर मागल्या उन्हाळ्यात एक म्हातारी आलती,’’ ती म्हणाली. ‘‘दारावर हात ठिवून उभी ऱ्हायली. डबा वाजवायचे ते साहेब कुठं हायत म्हून विचारलं. वारले म्हून सांगितलं शेजारणीनं. मी म्हणलं, बसा. तर मला म्हणली, आतून कडी लावत जा गं. पाणी पिली अन् गेली.’’

‘‘दार आपलं आहे, असं म्हणाली नाही?’’

‘‘न्हाई बा.’’

हे दाजींना ऐकावं लागलं नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं. ती नोटीस मात्र दाजींच्या मागे माझ्याकडे आली आहे, आणि ती कुणाला द्यावी हे मला अजून कळलेलं नाही. वर्षाकाठी एखादी खेप लातूरला होते, तेव्हा मी एरंडेलाची बाटली सोबत नेतो. दार वाजवतो, थांबतो, आणि त्या बाईला विचारून बिजागऱ्यांना तेल घालून येतो.