ट्रॉम्सोत आईचा एक हिवाळा

दौंड स्टेशनवर मला सोडायला आई, आप्पा आणि धाकटी बहीण संगीता अशी तिघं आली होती. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. आप्पा रेल्वेत गँगमन, रुळांच्या दुरुस्तीवर, राहायला रेल्वे क्वार्टर, त्यामुळं स्टेशन आमच्या अंगणासारखंच होतं. त्याच अंगणातून मी मुंबईला निघालो होतो आणि तिथून एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला होता, कॉलनीत तेवढ्याचंही फार कौतुक. गाडी आली तसे आप्पा माझ्याकडं न बघता डब्याच्या चाकांकडं बघत राहिले. "दारात उभा राहू नगं. आत जाऊन बस," एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "पोचलास की आधी जेव, बाकीचं मागनं." संगीता रडत होती, पण माझी सायकल आता तिची होणार होती, म्हणून त्या रडण्यावर माझा फारसा विश्वास बसला नाही.

दोन-चार वर्षांत परत येतो, असं मी सांगितलं. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघाले त्यांनीही हेच सांगितलं असेल, आणि जे मागं राहिले त्यांनी ते खरं मानल्याचं दाखवलं असेल. यात कोणी कोणाला फसवत नाही. गाडी सुटायच्या वेळी दुसरं काही बोलता येत नाही, इतकंच.

जहाज उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्यानं वर वर जायचं, पार ट्रॉम्सोपर्यंत. ध्रुवाकडचं ते एक शहर, बेटावर वसलेलं, भोवती डोंगर आणि समुद्र. जहाजाला कंटाळलो तेव्हा तिथल्याच एका हॉटेलात आचारी म्हणून लागलो, आणि पुढं इंगर नावाच्या बाईच्या कॅम्पवर. इंगरकडं बर्फावरची गाडी ओढणारे कुत्रे होते आणि हिवाळ्यात येणारे पर्यटक होते. पर्यटकांना गरम माशाचं सूप करून वाढणं, हे माझं काम. हळूहळू मीच त्यांना थंडीचे जाड सूट चढवायला, बूट बांधायला आणि गाडीत बसवायला लागलो.

ट्रॉम्सोच्या हिवाळ्यात पाहुण्यांनी काय काय करावं, हे मी आता झोपेतही सांगू शकतो. कुत्र्यांच्या गाडीतून बर्फावर फिरावं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकावा. पायाला रुंद जाळीचे बूट बांधून टेकडी चढावी. रेनडिअरच्या गाडीत घोंगडी पांघरून बसावं. संध्याकाळी ढग चुकवत गाडीनं हिंडावं आणि आकाशात हिरवा उजेड हलताना दिसला तर नशीब समजावं. अंगात सुती काही घालू नये, लोकर घालावी. आणि चार दिवसांनी आपल्या घरी जावं. हे शेवटचं मी कोणाला सांगत नाही, ते त्यांना आधीच ठाऊक असतं. त्यांच्या मजेचं सगळं गुपित त्यातच आहे. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य बुडतो तो जानेवारी सरत आल्यावर उगवतो. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. मी मात्र त्या दिवसांत कामावरून खोलीवर येताना दाराशी थांबायचो. आत कोणी नाही हे माहीत असूनही थोडा वेळ थांबायचो.

दरम्यान आप्पा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. ज्या घरात आम्ही जन्मलो ते आमचं नव्हतंच, हे आम्हाला चाव्या परत करताना कळलं. मंडळी गावी, कासुर्डीला आमच्या दोन खोल्यांत गेली. तिथं वर्षभरात आप्पा गेले. मी गावी पोहोचलो, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत राहिलो आणि ट्रॉम्सोला परत आलो. संगीताचं लग्न होऊन ती कारेगावात होती, दाजी रांजणगावच्या एका कारखान्यात. आई कासुर्डीत एकटी. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, की आईनं माझ्याकडं यावं. कायमचं जमलं नाही तर निदान दर हिवाळ्याचे तीन महिने. उन्हाळा मी कसाही काढतो. हिवाळ्यात दार उघडल्यावर आत माणूस पाहिजे होतं.

ती आली. दोन हजार पाच-सहाचा हिवाळा. सोबत बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, हळद आणि तवा. तव्याचं गाठोडं विमानतळावरच्या लोकांनी उघडून बघितलं. पहिल्या दिवशी सकाळी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "सूर्यच न्हाई म्हणल्यावर हितली माणसं उठत्यात कवा?" घड्याळ लावून उठतात, म्हणालो. "म्हंजी आपल्या गँगवाल्यांगत," ती म्हणाली आणि तिचं समाधान झालं.

मी तिला सगळं दाखवलं. रजा काढून, हौसेनं, जे पाहुण्यांना दाखवतो ते सगळं. तिची नऊवारी कासोट्याची, त्यामुळं वरून जाड सूट अगदी सहज चढला. पर्यटक बायकांना सूट चढवताना माझा घाम निघतो, आईनं तो चोळी घालावी तसा घातला. गोठलेल्या तळ्यावर रेनडिअरच्या कातड्यावर बसून तिनं गळ धरला, पण मासा लागला नाही. "बरं झालं. त्यो बिचारा खाली उबंला बसला आसंल," म्हणाली. हिरवा उजेड दिसला त्या संध्याकाळी बाकीचे पर्यटक मोठ्यानं हसत-रडत होते. आई वर बघून म्हणाली, "चांगलं हाय." मग जरा वेळानं, "आप्पांनी बगाया पायजे व्हतं." मी तिचा हात धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिथं थंडी वाजत नव्हती.

घरात मात्र तिला करण्यासारखं काही नव्हतं. भांडी यंत्र धुवायचं, कपडे यंत्र धुवायचं. केर काढायला धूळ नाही. बाहेर जायचं तर पाय घसरायचा, मग मीच तिला जाऊ द्यायचो नाही. भाकऱ्या थापल्या की धुराचा भोंगा कोकलायचा आणि शेजारची म्हातारी दार वाजवायची. आई खिडकीशी बसून राहायची. मी कामावरून आलो की पाहुण्यासारखी उठून उभी राहायची. तिचं बरं चाललंय, असं मी स्वतःला सांगत होतो.

मग एक दिवस तिला कॅम्पवर नेलं. इंगरनंच बोलावलं होतं. आईनं घरून भाकरी आणि चटणी बांधून घेतली होती, मला दुपारी तिथलं सूप प्यावं लागू नये म्हणून. पर्यटकांची एक तुकडी निघायच्या बेतात होती. कुत्रे जोडीजोडीनं लांब दोरीला बांधून झाले होते आणि निघायच्या आधी ओरडतात तसे ओरडत होते. नवख्या माणसाला वाटतं, ते उपाशी आहेत. ते पळायला उतावीळ असतात. त्यांचं खाणं ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि बांधलेल्या कुत्र्यांपुढं काहीही टाकायचं नाही हा कॅम्पवरचा पहिला नियम. पर्यटकांना तो मी इंग्रजीत सांगतो. आईला मी आईच्या भाषेत सांगितला होता. तिनं मानही डोलावली होती.

पण आमच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी रोज दुपारी कॉलनीतली कुत्री येऊन बसायची. भाकरीचा तुकडा त्यांना घातल्याशिवाय आईनं आयुष्यात कधी घास तोंडात घातला नव्हता. त्यात देवधर्म नव्हता, आम्ही बौद्ध माणसं. तिची आई तसं करायची म्हणून ती करायची. त्या दिवशी तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि जेवायच्या आधी हाताला जे ठाऊक होतं ते हातानं केलं. मी सूपाच्या पातेल्याशी होतो. ओरडणं बदललेलं ऐकू आलं तेव्हा मी वळलो.

भाकरी पुढच्या जोडीच्या मधोमध पडली होती. पुढचे भिडले तसे मागचे त्यांच्यावर चढले, दोरी गुंतली, सगळा एक गोळा झाला. इंगर त्यात नुसत्या हातांनी घुसली, तिच्यामागं मी. सोडवलं तेव्हा पुढारी कुत्रा तीन पायांवर उभा होता. काळा, एका कानावर पांढरा, नाव स्टॉर्म. चौथ्या पायाचं हाड दिसत होतं. पर्यटकांतली एक पोरगी रडत होती. आई फडकं हातात घेऊन जिथं होती तिथंच उभी होती.

इंगर तिला एका शब्दानंही बोलली नाही. "तिला कसं कळणार," असं मला म्हणाली. त्यापेक्षा ती चिडली असती तर बरं झालं असतं, कारण आईला ओरडा खाऊन मोकळं होता आलं असतं. डॉक्टरनं पाय शिवला, पण जखम चिघळली. आईनं हट्ट धरला म्हणून तिला परत घेऊन गेलो. शेडमध्ये स्टॉर्म निजला होता. तिनं पदराच्या गाठीतून हळद काढली, चिमूट घेतली आणि खाली वाकली. इंगरनं हळूच तिचं मनगट धरलं आणि नको अशी मान हलवली. आईनं हळद परत गाठीत बांधली. मला तो क्षण आजही सहन होत नाही.

कुत्र्याला सुई देऊन कायमचं निजवलं. आईनं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. खोटं तिच्यापुढं टिकलं नसतं.  ती म्हणाली, "हितं मी बसले तर मला ओझं व्हतं, आन् उठले तर असं व्हतं. माजं तिकीट काढ बाबा."

मी खूप समजावलं. थोड्याच दिवसांत सूर्य येईल, तो बघून जा, म्हणालो. "तिकडं रोज येतुया की," ती म्हणाली. ती जानेवारीच्या सुरुवातीला गेली. विमानतळावर तिनं माझ्या मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधली, एवढंच. तिच्यामागं दोन-तीन आठवड्यांनी सूर्य डोंगराच्या खाचेतून जरासा वर आला. त्या दिवशी गावात सगळे गोड बन खातात, इंगरनंही माझ्यासाठी एक आणून ठेवला होता. मी तो खाल्ला आणि हिवाळ्यात ती पुन्हा येणार नाही, हे मला त्या वेळी पक्कं कळलं.

पुढं कासुर्डीत तिला एकटीला होईना, तेव्हा संगीतानं तिला कारेगावला नेलं. मी दर आठवड्याला फोन करायचो. ती फोनवर कुत्र्यांचं नाव कधी घेत नसे. त्यानंतरच्या एका डिसेंबरात, मी एका जपानी म्हाताऱ्याच्या पायाला जाळीचे बूट बांधत असताना फोन वाजला. आई गेली होती. मी विमानतळावर पोहोचलो तर वादळानं सगळी विमानं बंद. काचेपलीकडं बर्फ आडवा उडत होता आणि पर्यटक त्याचे फोटो काढत होते. संगीताचा पुन्हा फोन आला. "दादा, थांबता येईना. समदी म्हणाया लागलीत, किती येळ ठिवायचं." मी म्हणालो, नको थांबू. दुसरं काय म्हणणार होतो. मी कारेगावला पोहोचलो तेव्हा मंडप सोडून झाला होता आणि खुर्च्या टेम्पोत चढवत होते.

वर्षाच्या पुण्यानुमोदनाला परत गेलो. कार्यक्रम झाला, नातेवाईक पांगले. मला कोपऱ्यात बसलेलं दाजींना बघवेना. म्हणाले, "दादा, चला हुरड्याला. तुमचा जीव जरा रमंल." शिरूरच्या अलीकडं एका शेतात पुण्याच्या लोकांसाठी हुरडा पार्टी सुरू झाली होती. शेकोटीत ज्वारीची कणसं, बैलगाडीची फेरी, आल्या आल्या डोक्याला फेटा. गाडीवाला माझ्याच वयाचा. "सायेब, हिकडनं चढा. जपून. दांडीला घट्ट धरा," म्हणाला. मी रोज परक्या माणसांना हेच सांगतो, याच आवाजात, आणि हसतोही असाच. "कुठनं आलात?" त्यानं विचारलं. दौंड म्हणालो असतो तर दौंडात कुठं, हे त्यानं विचारलं असतं. "लांबनं," मी म्हणालो. तो म्हणाला, "तरीच."

कारेगावला परत आलो तर गल्लीत एकच गलबला. कारेगावात नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही थोडाच वेळ, आणि त्या दिवशी ते अवेळी आलं होतं. संगीता, दाजी, शेजारीपाजारी सगळे बादल्या घेऊन धावत होते. मीही चपला काढून एक बादली उचलली. संगीतानं ती माझ्या हातातून घेतली. "दादा, तू बस. पाव्हण्याला का पाणी भराया लावत्यात?" ती प्रेमानंच म्हणाली, तिचं काहीच चुकलं नाही. दाजींनी खुर्ची आणून दिली.

मी बसलो. आई माझ्या खिडकीशी काय करत बसायची, ते मला त्या खुर्चीत कळलं. घराबद्दल माझ्याकडं आता मोठे विचार नाहीत. जिथं आपल्यावाचून काम अडतं ते घर, असं मला वाटतं. ट्रॉम्सोत मला काम आहे, पण ते पगाराचं. माझ्यापुढून भरलेल्या बादल्या एकामागून एक आत जात होत्या आणि सगळे मला वळसा घालून जात होते. 'ऊठ, पाणी आलंय' असं मला हक्कानं म्हणणारं माणूस आता कुठल्याच देशात उरलेलं नाही.