रिकाम्या हातानं मागणारा

काष्टीच्या बैलबाजारात एक दोरवाला बैलांची दावी-कासरे विकायचा. भाव एकच. हुज्जत घालून बैलाची किंमत उतरवणारा मी, त्याच्यापुढे वर्षानुवर्षं हरलो. "परवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या, शेठ," म्हणून तो पुन्हा दोर वळू लागे. भारी राग यायचा.

बायको नगरच्या दवाखान्यात बेशुद्ध होती, तेव्हा खर्चासाठी बैल विकायला गेलो. बोकडापासून सोन्याच्या नथीपर्यंत नवस बोलून झाले होते. हे सगळं दोरवाल्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, दोर खाली ठेवला, टोपी काढली आणि वर बघून म्हणाला, "देवा, यांची घरधनीन माघारी येऊ दे."

"अहो, बदल्यात काय देणार ते बोला की!" मी खेकसलो.

"त्याला देण्याजोगं आपल्याकडं हाय काय, शेठ?"

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, चहा मागितला.

नवस मी सगळे फेडले. तरी मनात सल आहे, की देवानं माझं ऐकलं की त्याचं? आता तो बाजारात दिसत नाही. हात जोडले की सवयीनं आधी काय देईन तेच तोंडात येतं. मग ज्याला काहीच नको, त्या देवासमोर आपण उभे आहोत हे ध्यानात येतं, आणि माझ्यासारखा हुज्जत घालणाराही बोली अर्ध्यावर सोडतो.